आकाशपाळण्याला गेट नसतं

मनोरंजन पार्क पुन्हा उघडली तेव्हा आम्ही सोळा-सतरा वर्षांचे होतो आणि आमच्या वाट्याची लस अजून यायची होती. जायचं की नाही, यावर आमच्या घरात तीन आठवडे खल चालला.

22 ऑक्टोबर 2021, शुक्रवार. सकाळी साडेसातला आमच्या ‘कझिन्स ओन्ली’ ग्रुपवर मामेभावाने एका बातमीचा स्क्रीनशॉट टाकला. राज्यातली मनोरंजन पार्क आजपासून सुरू, पाण्यातल्या राइड्स मात्र बंद. खाली दहा मिनिटांनी त्याने एकच शब्द टाइप केला, ‘जायचं?’

कुणीच उत्तर दिलं नाही. ग्रुपमध्ये आम्ही सात जण, सगळ्यांनी मेसेज वाचलेला. पण विचारणारा सोळा वर्षांचा होता आणि त्याचे पप्पा, म्हणजे माझा मामा, एप्रिलमध्ये कोरोनाने गेला होता. अशा मुलाला ‘चल’ म्हणायचं की ‘वेडा झालास का’, हे आम्हाला कुणालाच कळत नव्हतं.

आता हे सगळं उकरून काढायचं कारण म्हणजे आमच्या पानाची मीटिंग. लॉकडाऊनमध्ये आपल्या वयाचं काय काय हुकलं, असा विषय निघाला आणि सगळ्या इंटर्न्सनी एकच गोष्ट सांगितली, दहावीचा भूगोलाचा पेपर. हो, आम्हीच ती बॅच. 23 मार्च 2020 चा पेपर आधी पुढे ढकलला, मग रद्द झाला आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून मार्क पडले. आजही कुणी रस्ता विचारला आणि आम्ही चुकीचा सांगितला की हा जोक होतोच. मी मात्र त्या मीटिंगमध्ये भूगोल नाही म्हटलं. मी म्हटलं, सहल.

आपल्या शहरात वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे वेरूळ आहे, अजिंठा आहे, बीबी का मकबरा आहे. जगात मिरवावं असं खूप आहे, पण रोलरकोस्टर नाही. लहानपणी सिद्धार्थ उद्यान, मोठं झाल्यावर शिर्डीचा वॉटर पार्क, म्हणजे शंभरेक किलोमीटर. आणि खरंखुरं ‘पार्क’ म्हणजे खोपोलीचं इमॅजिका, जे 2013 मध्ये सुरू झालं आणि आपल्यापासून तीनशेच्या आसपास किलोमीटरवर आहे. म्हणजे रात्री दहाला शाळेच्या गेटवर बस, सोबत चिवड्याचे डबे, मागच्या सीटवर कोण बसणार यावरून भांडण, पहाटे कुठल्यातरी ढाब्यावर अर्धवट झोपेतला चहा. राइड्स नंतर. आमच्यासाठी पार्क म्हणजे आई-बाबांशिवायचा पहिला रात्रीचा प्रवास. आमच्या शाळेने दहावीची सहल परीक्षा संपल्यावर नेऊ म्हणून सांगितलं होतं. पैसेही भरले होते. ते परत मिळाले, सहल नाही मिळाली.

शहरात पहिला रुग्ण 15 मार्च 2020 ला सापडला. पुढचं सगळ्यांना पाठ आहे. जुलैमधला 10 ते 18 तारखांचा कडक लॉकडाऊन, गल्लीच्या तोंडाला बांधलेले बांबू. 10 डिसेंबरला वेरूळ, मकबरा उघडले तेव्हा क्यूआर कोडने तिकीट काढून आम्ही मकबऱ्यात नुसते चकरा मारून आलो, इतका कंटाळा आला होता. त्याच महिन्यात, 25 डिसेंबरला, सिद्धार्थ उद्यानातल्या समृद्धी वाघिणीला पाच बछडे झाले. ते आम्ही फोनवरच पाहिले.

मामेभाऊ माझ्याहून एक वर्षाने मागे. म्हणजे त्याची दहावी 2021 ची. त्याचा तर एकही पेपर झाला नाही. मामाने त्याला शब्द दिला होता, ‘दहावी झाली की इमॅजिका.’ एप्रिलमध्ये परीक्षा रद्द झाल्याची बातमी आली तेव्हा मामा ऑक्सिजनवर होता. त्याला ती बातमी कुणी सांगितली की नाही, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

म्हणून ‘जायचं?’ या शब्दाचा अर्थ आम्हाला सगळ्यांना कळत होता. प्रश्न उत्तराचा होता.

घरात दोन पार्ट्या पडल्या. नातेवाईकांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलंच की बापाचं वर्षश्राद्ध झालेलं नाही आणि पोराला पाळण्यात बसायचंय. आईचा मुद्दा वेगळा होता, तो म्हणजे आजी. आजी मामीकडेच राहते, सत्तरी ओलांडलेली, शुगर आहे. तिचे दोन डोस झाले होते, पण आम्हा अठराच्या आतल्यांचं काय? पंधरा ते अठरा वयाला लस सुरू झाली 3 जानेवारी 2022 ला. म्हणजे ज्या वयाच्या मुलांसाठी ही पार्क आहेत, त्याच वयाची मुलं तेव्हा बिनलसीची आत जात होती. मोठ्यांना दोन डोसचं सर्टिफिकेट आणि आम्हाला वयाचा पुरावा. कॉलेजचं आयकार्ड दाखवलं की झालं, जणू विषाणूही आयकार्ड बघून सोडतो.

बाबा म्हणाले, मोकळ्या हवेत आहे, सिनेमा हॉलपेक्षा बरं. मामी काहीच बोलली नाही. तीन आठवडे तिने या विषयावर तोंड उघडलं नाही. शेवटी आजीनेच निकाल लावला. म्हणाली, ‘जाऊ द्या त्याला. दोन-दोन मास्क लावून भाजी आणायचा माझा लेक. तो तरी कुठं वाचला?’

हे लॉजिक बरोबर नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. मामाने काळजी घेतली तरी तो गेला, म्हणून काळजी घेऊ नये असं होत नाही. पण आजीला हे समजावून सांगायची हिंमत कुणाकडेच नव्हती. आणि खरं सांगायचं तर आम्हाला जायचं होतं.

दिवाळीनंतरचा शनिवार ठरला. एसटीचा संप चालू होता. त्यातच आपल्या जिल्ह्यात लसीचा एक तरी डोस असल्याशिवाय पेट्रोल, रेशन आणि पर्यटनस्थळी प्रवेश नाही असा आदेश नुकताच निघाला होता, त्यामुळे बाबांना आदल्या संध्याकाळी पंपावर मोबाइलमधलं सर्टिफिकेट दाखवावं लागलं. भाड्याची तवेरा, आत आठ जण, पहाटे तीनला निघालो. नगरपर्यंत सगळे झोपलेले, पुण्यानंतर अंताक्षरी. थंडी म्हणून काचा बंद. आईने दिलेल्या एकाच डब्यातून सगळ्यांनी पोहे खाल्ले. मास्क कुणाच्याच तोंडावर नव्हता. गाडीत कशाला, आपलेच तर आहेत सगळे.

पार्कच्या गेटवर उतरलो आणि आम्ही एकदम शहाण्यासारखे वागायला लागलो. मास्क वर. जमिनीवर रंगवलेल्या गोलांत उभे. कपाळावर तापमानाचं पिस्तूल, हातावर सॅनिटायझर. सहा तास एकमेकांच्या मांडीवर बसून आलेले आम्ही रांगेत सहा-सहा फुटांवर उभे होतो. मला तेव्हाच हसू आलं होतं, पण त्यातली चूक आता पत्रकारितेसाठी जुने नियम वाचताना नीट कळली.

केंद्राने मनोरंजन पार्कांना परवानगी दिली ती 15 ऑक्टोबर 2020 पासून. सोबत आरोग्य मंत्रालयाची नियमावली आली. सहा फूट अंतर, गेटवर तपासणी, राइडचे दांडे-हँडल वारंवार पुसणं, पाण्याच्या राइड्स असतील तर गाळणी आणि क्लोरिन. अनलॉकच्या सूचनांमध्ये पासष्टच्या वरच्यांनी आणि दहा वर्षांच्या आतल्या मुलांनी गरज नसेल तर घरीच राहावं, असाही सल्ला होता. पार्कला जाणाऱ्या कुठल्याही कुटुंबातून ही दोन माणसं वजा करा, मग उरतं कोण? आपल्या राज्यात तर नीट उघडायला आणखी एक वर्ष गेलं, मधे दुसरी लाट आली.

त्या नियमांत पुसण्यावर खूप भर होता. आम्ही बसलेल्या राइडवर एक मुलगा, आमच्याच वयाचा असेल, प्रत्येक फेरीनंतर फडकं आणि स्प्रे घेऊन सगळे दांडे पुसत होता. दिवसभर. नंतर शास्त्रज्ञांचं मत पक्कं होत गेलं की कोरोना पसरतो तो मुख्यतः हवेतून, त्यातही बंद जागेत, जवळ बसून, बराच वेळ बोलताना किंवा गाताना. म्हणजे डोंगराच्या वाऱ्यावर साठ सेकंदांची राइड ही त्या दिवसातली बहुतेक सगळ्यात सुरक्षित गोष्ट होती आणि काचा बंद करून अंताक्षरी खेळलेली तवेरा सगळ्यात धोक्याची. गोल रंगवलेले होते पार्कच्या गेटवर. आमच्या गाडीच्या दाराशी ताप मोजायला कुणी नव्हतं, आणि असतं तरी आम्ही ऐकलं नसतं.

पार्क अर्धं रिकामं होतं. लाउडस्पीकरवर तीच आनंदी गाणी, रिकाम्या रस्त्यावर. पाण्याच्या राइड्सना दोऱ्या बांधलेल्या. मोठ्या कोस्टरवर एक सोडून एक सीट बंद. मी आणि मामेभाऊ एकाच रांगेत, मधली सीट टेप लावलेली.

जपानमध्ये 2020 साली पार्क उघडली तेव्हा तिथल्या पार्कांच्या संघटनांनी पाहुण्यांना विनंती केली होती की राइडवर ओरडू नका, थुंकी उडते. फुजी-क्यू हायलँड नावाच्या पार्कने तर आपल्या दोन साहेबांना सुटाबुटात, मास्क लावून कोस्टरवर बसवलं आणि त्यांचा अगदी गप्प चेहऱ्याचा व्हिडिओ काढला. शेवटी संदेश होता, किंचाळायचं तर मनातल्या मनात किंचाळा. तो व्हिडिओ जगभर फिरला, आम्हीही स्टेटसला ठेवला होता. आपल्याकडे असा काही नियम मला तरी दिसला नाही. मी पहिल्या उतारावरच इतक्या जोरात किंचाळले की मास्क तोंडात गेला.

मामेभाऊ मात्र ओरडला नाही. मी तिरक्या नजरेने बघत होते, कारण आम्ही सगळे त्याच्यासाठीच तर आलो होतो. त्याने ओरडावं, रडावं, काहीतरी व्हावं असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. सिनेमात होतं तसं. काही झालं नाही. तो दांडा घट्ट धरून बसला आणि उतरला. बुटांची लेस बांधत म्हणाला, ‘पप्पा बसलेच नसते गं ताई यात. त्यांना कर्णपुऱ्याच्या पाळण्यातच गरगरायचं.’ मग म्हणाला, ‘परत जाऊ?’ आम्ही त्याच कोस्टरवर चार वेळा बसलो. रांगच नव्हती.

परत आल्यावर ठरल्याप्रमाणे तो सात दिवस आमच्याकडे राहिला, आजीपासून लांब. चौथ्या दिवशी माझ्या दादाचा घसा दुखायला लागला.

ती एक रात्र आणि पुढचा दिवस मी विसरणार नाही. दादाने आरटीपीसीआर दिली आणि घरात कुणी कुणाशी धड बोलेना. आई भांडी घासतानाही आपटत होती. मामेभाऊ गच्चीवर जाऊन बसला. मी खाली बोलवायला गेले तर म्हणाला, ‘माझ्यामुळे झालं ना?’ काहीच झालेलं नव्हतं अजून, रिपोर्टसुद्धा नाही. पण एप्रिलमध्ये ज्याने घरात हे सगळं पाहिलंय त्याला ‘काही होत नाही रे’ कसं म्हणणार?

आमच्या सहलीच्या दोनच आठवडे आधी, 31 ऑक्टोबरला, शांघायच्या डिस्नीलँडमध्ये एक प्रकार झाला होता. आदल्या दिवशी येऊन गेलेल्या एका व्यक्तीचा संशय आला म्हणून पार्कची दारं लावून आतल्या 33 हजार 863 लोकांची चाचणी केली. वर आतषबाजी चाललेली आणि खाली पीपीई किट घातलेले कर्मचारी रांगा लावतायत, असे फोटो आले होते. सगळे निगेटिव्ह निघाले. ते फोटो आम्ही दिवाळीच्या फराळाबरोबर हसत पाहिले होते. त्या रात्री मला ते पुन्हा आठवले, हसू नाही आलं.

दादाचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. संध्याकाळी बाबांनी जिलेबी आणली. घरात सगळ्यांनी मान्य करून टाकलं की सहल मस्त झाली, निर्णय बरोबर होता.

मला हे पटत नाही. तेव्हाही पटलं नव्हतं, आता तर अजिबात नाही. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला असता आणि आजीला काही झालं असतं, तर तोच निर्णय घरात कायमचा गुन्हा ठरला असता आणि तो गुन्हा सोळा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर बसला असता. निर्णय तोच, माणसं तीच, तवेराही तीच. फक्त आमचं नशीब चांगलं होतं. जायला नको होतं असंही मी म्हणत नाहीये. गाडीच्या काचा उघड्या ठेवायला हव्या होत्या, दोन गाड्या करायला हव्या होत्या, मास्क गेटवर नाही तर गाडीत लावायला हवा होता. एवढं साधं कुणी आम्हाला सांगितलं असतं तर फरक पडला असता. आम्हाला सांगितलं गेलं ते दांडे पुसायचं.

कर्णपुऱ्याचा विषय निघालाय तर ते राहून गेलं. गेल्या नवरात्रात याच पानासाठी मजकूर शोधत मी यात्रेत फिरत होते. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, छावणीच्या हद्दीतलं कर्णपुऱ्याच्या देवीचं मैदान म्हणजे नवरात्रातले आमचे नऊ दिवसांचे थीम पार्क. आकाशपाळणा, ब्रेक डान्स, टोराटोरा, ड्रॅगन ट्रेन, मौत का कुआं, सोबत भेळ आणि प्लास्टिकची पिपाणी. तिकीट पन्नास-साठ रुपये, हजार-दीड हजार नाही. शहरातली अर्धी मुलं आयुष्यात पहिल्यांदा किंचाळली असतील ती इथेच.

आता जरा तारखा बघा. 2021 ची घटस्थापना 7 ऑक्टोबरला होती आणि त्याच दिवशी राज्यातली देवळं उघडली. पण यात्रा भरली नाही, सलग दुसऱ्या वर्षी. दसरा झाला 15 तारखेला. मनोरंजन पार्क उघडली 22 ला. एका आठवड्याचा फरक. देवळाला परवानगी मिळाली, पार्कला मिळाली. या दोघांच्या मधे, देवळाच्या पायरीला लागून जे पाळणे उभे राहतात त्यांचं काय?

हाच प्रश्न मी एका आकाशपाळण्याच्या मालकाला विचारला. पन्नाशीचा माणूस, वडिलांपासूनचा धंदा. तो आधी हसला. म्हणाला, ‘आम्हाला कोण विचारतं मॅडम?’ (मला मॅडम म्हणणारा तो पहिलाच.) मार्च 2020 मध्ये त्याचं सामान पैठणला होतं, नाथषष्ठीसाठी. यात्रा रद्द झाली आणि उभे केलेले खांब पुन्हा उतरवावे लागले. त्याचं वर्ष यात्रांवर चालतं, एक संपली की ट्रक दुसरीकडे. दोन वर्षं एकही लागली नाही. लोखंड एका ओळखीच्या शेतात पडून होतं. बेअरिंगला गंज चढला, रबर गेलं, पोरं आपापल्या गावी गेली ती काही परत आली नाहीत. छोटी ड्रॅगन ट्रेन त्याने भंगारात काढली, वजनावर.

मी त्याला पार्कची नियमावली समजावून सांगायला लागले. ऑनलाइन बुकिंग, निम्मी क्षमता, गेटवर तपासणी. तो ऐकत होता. मग म्हणाला, ‘पण आमच्याकडं गेट कुठंय?’

या एका वाक्यात सगळं आलं. नियम ज्याला कुंपण आहे, ज्याचं तिकीट मोजता येतं, ज्याच्या दारात माणूस उभा करता येतो त्याच्यासाठी होते. बाकीच्यांसाठी एकच नियम होता, बंद. त्यालाही यात्रेत पाळणा लावायला कमी कागद लागत नाहीत. बांधकाम विभागाचं प्रमाणपत्र, विद्युत निरीक्षकाचं, पोलिसांची परवानगी, सगळं तो एका प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवतो. पण हे कागद पाळणा मोडणार नाही याचे आहेत. गर्दी किती झाली हे सांगणारा एकही कागद त्याच्याकडे नाही आणि यात्रेत तो कुणाकडेच नसतो. कर्णपुऱ्यात रात्री नऊ वाजता निम्मी क्षमता म्हणजे काय, हे मला कुणी सांगावं. आरोग्याच्या बाजूने यात्रा बंद ठेवणं चूक होतं असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. एवढंच म्हणते की त्या बंदचा हिशेब त्याच्याशी कुणी केला नाही.

मोठ्या पार्कांचंही सोपं नव्हतं, हे खरं. गोराईचं एस्सेल वर्ल्ड, 1989 पासूनचं, आपल्या आई-बाबांच्या पिढीच्या जाहिरातीतलं, महामारीनंतर बंदच पडलं. इमॅजिकाची कंपनी तर आधीपासूनच कर्जाखाली होती आणि 2022 मध्ये ती संगमनेरच्या मालपाणी समूहाने घेतली, तेच शिर्डीच्या वॉटर पार्कवाले. पण तिथे निदान घेणारा कुणी भेटला. शेतात पडलेल्या ड्रॅगन ट्रेनला भंगारवाला भेटला.

जानेवारी 2022 मध्ये ओमायक्रॉनमुळे पार्क पुन्हा बंद झाली, फेब्रुवारीत निम्म्या क्षमतेने उघडली, आणि गुढीपाडव्याच्या तोंडावर सगळेच निर्बंध गेले. त्या वर्षीच्या नवरात्रात कर्णपुरा भरला. पाळणेवाला सांगत होता की पहिल्या रात्री इतकी गर्दी झाली की त्याला मोटार थंड करायला थांबावं लागलं.

गेल्या नवरात्रात मामेभाऊही माझ्यासोबत होता. आता तो इंजिनिअरिंगला आहे, दाढी आलीय, मामासारखाच चालतो. मी प्रश्न विचारत असताना तो कंटाळून पाळण्याच्या रांगेत जाऊन उभा राहिला होता. मामीलाही त्याने ओढून आणलं होतं. ती नको नको म्हणत बसली. मी वही पर्समध्ये टाकली आणि घाईघाईत पलीकडच्या मोकळ्या डब्यात एकटीच चढायला लागले, तर मालकाने खालूनच आवाज दिला, ‘ओ मॅडम, एकट्या नका बसू. तिकडं त्यांच्यासोबत बसा. डबे मोकळे राहिले की पाळणा एका बाजूला ओढतो.’